मांडुळाची काचपेटी : एक परीक्षण

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, पाठ्यक्रमाचेही होते. शाळेतील प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूचे परीक्षण मात्र सहसा कोणी करत नाही. ती वस्तू कोणी, किती खर्चात केली याची चौकशी होते, क्रमांक दिले जातात आणि ती कपाटावर जाऊन बसते. या लेखात अशाच एका वस्तूचे परीक्षण करायचे आहे. ती म्हणजे मांडुळाची, आणि विशेषतः मांडुळाच्या पिल्लाची, काचपेटी.

मराठवाड्यातील बहुतेक शिक्षकांनी ती कधी ना कधी पाहिलेली असेल. दोन फूट लांब, एक फूट रुंद, माशांसाठी बनवतात तशी काचेची टाकी. तळाशी बोटभर बांधकामाची वाळू. एका कोपऱ्यात प्लॅस्टिकचे झाड, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याची वाटी. झाकणाला लटकवलेला साठ वॉटचा दिवा, म्हणजे ‘ऊब’ही मिळावी आणि सापही नीट दिसावा. बाहेर चिठ्ठी असते : ‘मांडूळ (दुतोंड्या). बिनविषारी. शेतकऱ्याचा मित्र.’ वन्यजीव सप्ताह, नागपंचमी, तालुका विज्ञान प्रदर्शन असे निमित्त मिळाले की अशी पेटी मांडली जाई. कायद्याच्या धाकाने जिवंत सापांची प्रदर्शने आता कमी झाली आहेत आणि ते योग्यच झाले. पण पेटी गेलेली नाही, ती मोबाईलच्या पडद्यावर आली आहे. परदेशात दुकानात विकत मिळणाऱ्या बोआच्या पिल्लांची, रंगीत दिव्यांनी उजळलेली ‘घरे’ आपले विद्यार्थी रोज बघतात आणि ‘सर, आपणही पाळू या का?’ असे विचारतात. पालमसारख्या गोदाकाठच्या तालुक्यात हा प्रश्न कल्पनेतला राहत नाही. नांगरताना, बांध फोडताना किंवा कडब्याची गंज हलवताना मांडूळ निघते, आणि एखादा मुलगा ते बरणीत घालून शाळेत आणतोच.

तेव्हा पेटीकडे वळण्यापूर्वी तिच्यातल्या प्राण्याविषयी थोडे. ‘बोआ’ म्हटले की मध्य व दक्षिण अमेरिकेतील मोठा बोआ डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे त्याला सरसकट अजगर म्हणून टाकतात, पण ते बरोबर नाही. आपला अजगर अंडी घालतो. बोआ पिल्लांना जन्म देतो. बोआच्या कुळातील वाळूत राहणारे भाईबंद भारतात आहेत आणि त्यांतील दोन आपल्या शिवारातले आहेत : मांडूळ आणि डुरक्या घोणस. पश्चिम किनाऱ्यावर आढळणाऱ्या तिसऱ्या जातीचे शास्त्रीय वर्णन अगदी अलीकडे, १९९१ मध्ये झाले. मांडुळाला मात्र शास्त्रीय नाव मिळून दोनशेहून अधिक वर्षे झाली. पॅट्रिक रसेल याने १८०१ मध्ये त्याचे वर्णन केले आणि तरंगमबाडीला राहणाऱ्या जॉन नावाच्या धर्मोपदेशकाचे नाव त्याला दिले. घोणशीच्या इंग्रजी नावात आहे तोच हा रसेल.

मांडुळाची मादी पावसाळ्याच्या सुमारास पिल्ले देते. संख्या बहुधा सहा ते आठ. पिल्लू वीतभर लांब, पेन्सिलीएवढे जाड, अंगाने तांबूस आणि शेपटीकडे काळसर पट्टे असलेले. वाढल्यावर हे पट्टे पुसट होत जातात आणि साप सगळा तपकिरी दिसू लागतो. डोके गळ्यापासून वेगळे दिसत नाही, डोळे बारीक, नाकाड पाचरीसारखे, शेपूट बोथट. ही सारी रचना एकाच कामासाठी आहे : सैल मातीत डोके खुपसून शिरणे आणि तिथेच दिवस काढणे. पूर्ण वाढ झालेले मांडूळ अडीच-तीन फुटांचे असते आणि उंदीर-घुशींच्या बिळांत शिरून त्यांना विळखा घालून मारते. दिवसाउजेडी ते उघड्यावर दिसणे हा अपवाद आहे. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पेटीच्या परीक्षणाची सुरुवात तिथूनच होते.

पेटी कशासाठी केलेली आहे? साप दिसावा म्हणून. मांडूळ नीट राहत असेल तर ते कसे दिसेल? दिसणारच नाही. दिवसाचे बहुतेक तास ते मातीखाली असेल. फार तर नाकाड आणि डोळे तेवढे वर असतील. म्हणजे या पेटीचा हेतू आणि तिच्यात राहणाऱ्याची गरज यांचा पहिल्यापासूनच विरोध आहे. तळाशी बोटभरच वाळू का घालतात? जास्त घातली तर साप आत जातो आणि प्रेक्षक निराश होतात, म्हणून. हे कारण प्रदर्शन मांडणारे मोकळेपणाने सांगतात, आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नाही. माशांच्या टाकीत बोटभर पाणी ओतून ‘आता मासा छान दिसतो’ असे कोणी म्हणाले, तर आपण त्याला काय म्हणू?

मग या उघड्या वाळूवर पिल्लू काय करते? पहिली गोष्ट, ते काचेच्या कडेकडेने नाकाड घासत फिरत राहते. काच दिसत नाही, पलीकडचे दिसते, वाट मात्र मिळत नाही. काही दिवसांत नाकाडाची कातडी सोलवटते. प्रेक्षकांना वाटते, साप मोठा चपळ आहे, खेळतो आहे. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. कोणी काचेवर टिचकी मारली की पिल्लू अंगाचे वेटोळे करते, डोके त्याखाली लपवते आणि बोथट शेपूट वर उचलून हलवते. मुलांचा घोळका ओरडतो, ‘ते बघा दुसरे तोंड!’ शत्रूने चावा घ्यायचाच असेल तर तो डोक्याऐवजी शेपटीवर घ्यावा, अशी ती जीव वाचवण्याची धडपड असते. ज्या दृश्यासाठी मुले रांग लावतात ते दृश्य भीतीचे आहे. बाहेरच्या चिठ्ठीवर ‘दुतोंड्या’ असे कंसात लिहिलेले असते, आणि सहा महिने या तोंडाने, सहा महिने त्या तोंडाने चालतो ही जुनी समजूत मुले पक्की करूनच घरी जातात. गारुड्यांनी पूर्वी मांडुळाच्या शेपटीवर डागण्या देऊन, चिरे पाडून दोन तोंडांचा भास घडवला. विज्ञान प्रदर्शनाने तोच भास डागणी न देता घडवावा, ही या पेटीवरची माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. साधन म्हणून ती अपुरी आहे असे म्हणून भागत नाही, ती खोटे शिकवते.

आता दिव्याकडे येऊ. इथे विज्ञानशिक्षकांना बरेच हाती लागण्यासारखे आहे.

साप शीतरक्ती प्राणी आहे असे आपण शिकवतो. शब्द सोयीचा असला तरी फसवा आहे. उन्हात बसलेल्या सापाचे रक्त थंड नसते. खरी गोष्ट अशी की साप शरीरात फारशी उष्णता निर्माण करत नाही. ती तो बाहेरून घेतो आणि जागा बदलून तिचे नियमन करतो. गार वाटले की उबेकडे सरकायचे, तापले की सावलीत किंवा खोलात जायचे. म्हणजे सापाचा थर्मोस्टॅट त्याच्या हालचालीत आहे. पचनही या उबेवर अवलंबून असते. खाल्ल्यानंतर ऊब मिळाली नाही तर भक्ष्य पोटातच कुजू लागते आणि साप ते ओकून टाकतो. पिल्लांच्या बाबतीत हे अधिक नाजूक, कारण लहान शरीर लवकर तापते आणि लवकर निवते.

पाश्चात्त्य देशांत बोआची पिल्ले पाळणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांनी ही गोष्ट नीट ओळखली आहे आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. त्यांत सांगितलेले घर थोडक्यात असे : पिल्लू एकेकटे ठेवावे. पेटी फार मोठी नसावी, कारण मोकळ्या जागेत पिल्लू बिथरते आणि खाणे सोडते. एका टोकाला सुमारे ३२ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २६ च्या आसपास तापमान असावे. दोन्ही टोकांना लपण असावे, म्हणजे उबेसाठी आडोसा सोडावा लागू नये. दोन्ही टोकांना तापमापक असावा. उष्णतेच्या साधनाला थर्मोस्टॅट असलाच पाहिजे. झाकण घट्ट असावे. भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून फारसे मोठे नसावे, आणि खाल्ल्यानंतर दोन दिवस त्याला हात लावू नये. आपल्या प्रदर्शनातील पेटीला यांपैकी एकही कसोटी लावली तर ती नापास होते. साठ वॉटचा दिवा दोन फुटी बंद काचपेटी सगळीच तापवतो. ऊब आहे, पण गार टोक नाही. सापाला जागा बदलण्याची मुभा नसेल तर त्याच्याकडे दुसरा उपाय उरत नाही.

तरीही ही पुस्तिका जशीच्या तशी मांडुळाला लावली की गडबड होते. अमेरिकेतील मोठा बोआ बीळ खणत नाही. त्याची पिल्ले झाडाझुडपांवर चढतात, जमिनीवर पालापाचोळ्यात लपतात. जन्मतः ती दीड फुटाच्या आसपास असतात आणि काही वर्षांत सहा-आठ फुटांचा साप होतो, वीस-वीस वर्षे जगतो. विकत घेणारा वीस वर्षांचा हिशेब क्वचितच करतो, हे जाता जाता सांगायला हवे. त्याच्या पेटीच्या एका भागाखाली विजेवर तापणारी गादी ठेवतात. वर कागदाचा किंवा भुशाचा पातळ थर असतो, त्यामुळे ऊब नियंत्रित राहते. वाळूतल्या बोआसाठी हेच घर जरा लहान करून आणि भुशाऐवजी वाळू घालून सुचवले जाते. इथे चूक होते. खालून तापवलेल्या पेटीत जाड वाळू घातली तर सर्वांत तप्त थर तळाशी असतो. निसर्गात काय असते? ऊन वरून येते. पृष्ठभाग तापतो, खोलात गारवा असतो. लाखो वर्षांत मांडुळाच्या अंगात एकच नियम मुरला आहे : तापले की खाली जा. खालून तापणाऱ्या पेटीत ते हा नियम पाळते आणि जितके खाली जाते तितके अधिक भाजते. थर्मोस्टॅट नसेल तर पोटाची कातडी जळते. आणि वर उभ्या असलेल्या माणसाला वाळू गारच लागते. एका प्राण्याचे शहाणपण त्याच्याच विरुद्ध वापरणारी ही रचना आहे, आणि करणाऱ्याचा हेतू मात्र चांगला असतो.

मातीच्या खोलीचे हे गणित परभणी जिल्ह्यासाठी मांडून पाहण्यासारखे आहे. मे महिन्यात इथे सावलीतला पारा ४२-४३ अंशांवर जाणे नवलाचे नाही. उघड्या काळ्या रानाचा पृष्ठभाग दुपारी ६० अंशांच्या आसपास तापतो आणि पहाटे २५ पर्यंत उतरतो असे समजू. म्हणजे दिवसभरात ३५ अंशांचा चढउतार. कोरड्या मातीत ही लाट खाली जाताना झपाट्याने विरते. ढोबळमानाने दर १० सेंटिमीटरला ती एकतृतीयांशाच्या जवळपास उरते. १० सेंटिमीटरवर चढउतार १२ अंशांचा, २० वर चार अंशांचा, ३० वर जेमतेम सव्वा अंशाचा. शिवाय लाटेला पोचायला वेळ लागतो. दुपारी दोनचा कडाका १० सेंटिमीटरवर सायंकाळी सहाच्या सुमारास जाणवतो आणि ३० सेंटिमीटरवर मध्यरात्रीनंतर, तोही नावापुरता. कृषी हवामान वेधशाळांत ५, १० आणि २० सेंटिमीटर खोलीवर मृदा-तापमापक पुरलेले असतात, त्यांच्या नोंदींत हे चित्र स्पष्ट दिसते. परभणीच्या कृषी विद्यापीठात सहल गेली तर मुलांना हे तापमापक जरूर दाखवून घ्यावेत.

हिवाळ्यात पहाटे परभणीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो. तेव्हा हीच माती उलटे काम करते, वरची गार लाट खाली पोचू देत नाही. म्हणजे फूटभर खोल सैल मातीत मांडुळाला वर्षभर वापरता येणारी तापमानांची एक उभी शिडीच मिळालेली असते. पायरी निवडण्याचे काम त्याचे. बोटभर वाळूच्या पेटीला अशी शिडी नाही. आणि पुस्तिकेतील २६ अंशांचे गार टोक पालममध्ये मे महिन्यात कुठून आणायचे? पुस्तिका थंड देशातील घरांसाठी लिहिलेली असते. तिचा सगळा खटाटोप ऊब निर्माण करण्यासाठी आहे. आपल्याकडे वर्षातील चार महिने प्रश्न गारव्याचा असतो. ज्यांना अशा सापांची देखभाल कायद्याने करावी लागते, उदाहरणार्थ मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांतील कर्मचाऱ्यांना, त्यांनी उलटे ठेवलेले मातीचे बोळके, ओले पोते टाकलेले कौल, माठाच्या बाष्पीभवनाचे तत्त्व यांचा विचार करायला हरकत नाही. मात्र ओल मातीत उतरू देता कामा नये. कोरड्या जमिनीतील या सापाला सततच्या ओलीने पोटाच्या कातडीचे विकार होतात. घर अगदीच शुष्क असले तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरची टोपी तशीच चिकटून राहते. म्हणून एका कोपऱ्यात थोडी ओल, बाकी कोरडे, असा तोल राखावा लागतो.

आता कोणी म्हणेल, ‘आमच्या पेटीत साप महिना महिना राहिला, काही झाले नाही.’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. तो प्रामाणिकही असतो. पण सापाच्या शरीराचा व्यवहार मंद असल्याने तो कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने उपाशी तग धरतो. घाबरलेले पिल्लू खात नाही. न खाणारे पिल्लू हळूहळू सुस्त होते. सुस्त पिल्लू हातात घेतले तरी वळवळत नाही, आणि मग लोक म्हणतात, ‘माणसाळला बघा.’ उपासमारीला माणसाळणे समजण्याची ही चूक शिकलेली माणसेही करतात. पुढे प्रदर्शन संपते, पिल्लू बांधावर सोडून दिले जाते आणि तिथे ते मेले तर पेटीच्या नावावर त्याची नोंद होत नाही. कोंबडी किंवा ससा चुकीच्या खुराड्यात दोन दिवसांत आजारी दिसतो आणि आपल्याला चूक कळते. साप चूक लगेच कळू देत नाही.

बाहेरच्या चिठ्ठीतील ‘बिनविषारी’ हा शब्दही तपासला पाहिजे. शब्द खरा आहे. मांडूळ विषारी नाही आणि सहसा चावतही नाही. पण मूल या शब्दाचा अर्थ ‘उचलायला हरकत नाही’ असा घेते. मांडुळाच्या शेजारच्या पेटीत बहुधा डुरक्या घोणस असते. तीही बिनविषारी, जरा चिडकी. आखूड, जाड, अंगावर वेडेवाकडे गडद ठिपके. नावातच घोणस असल्यावर मुलांच्या मनात तिची खऱ्या घोणशीशी सांगड बसणारच. घोणस आपल्याकडील चार प्रमुख विषारी सापांपैकी एक आहे आणि तिची पिल्ले जन्मापासून विषारी असतात. जाणकार माणूस फरक ओळखतो : घोणशीचे डोके त्रिकोणी व गळ्यापासून स्पष्ट वेगळे, पाठीवर साखळीसारखे रेखीव लंबगोल ठिपके, डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. डुरक्याचे डोके गळ्यात मिसळलेले, ठिपके एकमेकांत घुसलेले, शेपूट आखूड, निमुळते आणि खवल्यांनी खरखरीत. पण हे सारे निवांत चित्र बघताना कळते. सोयाबीनच्या ढिगाखालून वीतभराचे पिल्लू निघाले तेव्हा आठवीतल्या मुलाने ते तपासत बसावे अशी अपेक्षा करता येणार नाही. पेटीने त्याला ओळखीचे शिक्षण दिलेले नसते, धीर मात्र दिलेला असतो. चिठ्ठीवर एक वाक्य वाढवले असते तरी पुष्कळ झाले असते : ‘कोणताही साप हाताळू नये.’

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मांडूळ व डुरक्या या दोन्हींना संरक्षण आहे. पकडणे हेसुद्धा या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येते. शिक्षणासाठी परवानगीची तरतूद आहे, पण ती परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात, मुख्याध्यापक नव्हे. परदेशी बोआची गोष्ट निराळी. २०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय व्यापार-करारातील जातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. पिल्ले झाली तरी कळवायचे, प्राणी मेला तरी कळवायचे. तेव्हा ‘मुंबई-पुण्याला लोक पाळतात, मग आम्ही का नाही’ या प्रश्नाला शिक्षकाकडे उत्तर असावे : ते साप वेगळे आणि नोंदणीविना तेही नाही.

मांडुळाच्या बाबतीत कायदा कडक होण्याला एक कारण आहे आणि ते वर्गात बोलायला संकोचू नये. मांडूळ घरात ठेवले की धन येते, गुप्तधन सापडते, दुर्धर रोग बरे होतात अशा समजुतींवर एक मोठा चोरटा बाजार उभा आहे. ‘अमुक किलोच्या वर वजन भरले की लाखो रुपये, त्याहून जास्त भरले की कोटी’ असे आकडे सांगितले जातात. हे पैसे प्रत्यक्षात कोणाला मिळाले हे कोणी सांगत नाही. मांडूळ विकायला निघालेल्या तरुणांना पोलिसांनी किंवा वनखात्याने पकडल्याच्या बातम्या महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यातून येत असतात. वजन वाढावे म्हणून सापाच्या घशात लोखंडी गोळ्या कोंबण्यापर्यंत हे प्रकार गेले आहेत. अशा वातावरणात शाळेच्या सभागृहात मांडूळ ठेवणे म्हणजे ते कुणाच्या बांधावर सापडले याची जाहिरातही होते. प्रदर्शनाची चिठ्ठी ‘शेतकऱ्याचा मित्र’ एवढेच म्हणून थांबते आणि गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेल्या या बाजाराबद्दल अवाक्षर काढत नाही. परीक्षक म्हणून मी यासाठीही गुण कापेन.

असे असले तरी शिक्षकमित्रांनी पेटी फेकून द्यावी असे मी म्हणणार नाही. साप काढा आणि पेटी ठेवा. सापाच्या घराचा अभ्यास सापाशिवाय उत्तम होतो. किंबहुना संशोधकही एक भाग असाच करतात. सापाच्या आकाराची, पाण्याने भरलेली तांब्याची नळी उन्हात, सावलीत, बिळात ठेवतात आणि तिच्यातील तापमान मोजून तिथे साप असता तर किती तापला असता याचा अंदाज घेतात. वीतभर लांबीची, बोटाएवढी जाड तांब्याची नळी भांड्यांच्या किंवा फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात मिळते. एक टोक बुच मारून बंद करायचे, पाणी भरायचे आणि दुसऱ्या टोकातून बारीक तापमापक किंवा तारेचा संवेदक असलेला डिजिटल तापमापक आत सोडून तेही बंद करायचे. हा आपला साप.

दोन सारख्या पेट्या घ्याव्यात. काचेच्याच हव्यात असे नाही, पत्र्याचे डबे चालतील. दोन्हींत १५ सेंटिमीटर कोरडी, चाळलेली माती भरावी. एकीवर वरून दिवा लावावा. दुसरी विटांवर ठेवून तिच्याखाली तसाच दिवा लावावा. विजेची जोडणी शिक्षकांनी स्वतः करावी आणि प्रयोग चालू असताना पेटी एकटी सोडू नये. दोन, सात आणि तेरा सेंटिमीटर खोलीवर दर अर्ध्या तासाने तापमान नोंदवून दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढावेत. एका पेटीत आलेख खोलीबरोबर उतरेल, दुसरीत चढेल. मग मुलांना विचारावे : ‘तापले की खाली जा’ हा नियम पाळणारा साप दोन्ही पेट्यांत कुठे जाऊन थांबेल, आणि तिथे आपल्या तांब्याच्या सापाचे तापमान किती भरते? सातवी-आठवीच्या मुलांना हा प्रश्न सोडवता येतो. उत्तरावर वादही छान होतो, कारण काही मुले हटकून म्हणतात की साप शहाणा असतो, तो वर येईल. येईल का? खोल जाणे हाच सुटकेचा मार्ग असलेल्या प्राण्याला वर येण्याचे कारण कसे कळावे?

दुसरा भाग शाळेच्या आवारात किंवा एखाद्या पालकाच्या धुऱ्यावर करता येतो. काळी जमीन, मुरमाड जमीन आणि नदीकाठची गाळाची सैल जमीन अशा तीन जागा निवडाव्यात. पालम तालुक्यात जांभूळबेटाच्या बाजूला गोदावरीचा गाळ सहज मिळेल. प्रत्येक ठिकाणी सळईने छिद्र पाडून ५, १० आणि ३० सेंटिमीटरवर सकाळी सात, दुपारी दोन आणि सायंकाळी सहा वाजता तापमान घ्यावे. पायात बूट असावेत, छिद्र आपणच पाडलेले असावे, आयत्या बिळात हात किंवा तापमापक घालू नये. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानातील भेगेत दोरीने तापमापक सोडून वेगळी नोंद घ्यावी. भेग म्हणजे उघडी खिडकी असल्यामुळे तिच्यातले आकडे शेजारच्या अखंड मातीपेक्षा वेगळे येतात. नोंदी तीन ऋतूंत घेतल्या तर वर्षअखेरीस वर्गाजवळ आपल्या गावच्या मांडुळाच्या घराचा नकाशा तयार होईल. तो कोणत्याही परदेशी पुस्तिकेत मिळणार नाही.

जिवंत साप बघायचाच असेल तर सहलीत मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालय गाठावे. पुण्याला कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. त्याची सुरुवात नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सर्पोद्यान म्हणूनच झाली. तिथे किंवा अन्यत्र मुलांनी वहीत तीन प्रश्न लिहून न्यावेत : या घरात गार जागा कोणती? लपायला जागा किती? साप बघायला आपल्याला किती वेळ थांबावे लागले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘पाच मिनिटे थांबलो, दिसला नाही’ असे आले तर शिक्षकांनी त्यावर नाराज होऊ नये, घराला पैकीच्या पैकी गुण देऊन पुढच्या पिंजऱ्याकडे जावे.

आणि बरणीत मांडूळ घेऊन येणाऱ्या त्या मुलाचे काय? त्याला रागावून पाठवले तर पुढच्या वेळी तो बरणी शाळेऐवजी दुसरीकडे नेईल, आणि गिऱ्हाईक शोधणारे लोक गावात असतातच. बरणीच्या झाकणाला छिद्रे आहेत ना ते बघावे, ती सावलीत ठेवावी, कोणाला हाताळू देऊ नये आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकाला फोन करावा. साप कुठे, किती वाजता, किती खोल मातीत सापडला हे त्या मुलालाच विचारून फळ्यावर लिहून घ्यावे. वर सुचवलेल्या नोंदवहीतील पहिली ओळ तीच होईल.